येतो म्हण

"मेल्या, जातो काय म्हणतोस? येतो म्हण!"

सानपाड्याच्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत जिन्याच्या तोंडाशीच काकूंचं दार होतं. कामावर निघताना चुकून "जातो काकू" म्हटलं की मागून हे ठरलेलं. रस्त्यापर्यंत पोचलेला माणूसही मागे वळून "येतो" म्हटल्याशिवाय सुटायचा नाही.

तुमच्याही घरात असं टोकणारं कोणीतरी असेल. पण आमच्या काकू परक्यालाही सोडत नसत. सिलिंडरवाला भैया रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन "येतो हां काकू" असं मराठीत म्हणायला शिकला होता. एकदा प्लंबर "येतो" म्हणून गेला आणि दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा गळायला लागल्यामुळे त्याला यावंच लागलं. काकूंना नळाचं काही नाही, त्या खूशच होत्या.

यामागचं कारण मला आईकडून कळलं. काकूंचा एकुलता एक मुलगा भांडून घर सोडून गेला होता. दारात उभा राहून "जातो" म्हणाला, आणि काकू रागाच्या भरात म्हणाल्या, "जा!" त्यानंतर त्याचा काहीच पत्ता नाही.

त्यामुळे रिडेव्हलपमेंट निघाली तेव्हा सगळ्यांच्या सह्या झाल्या, काकूंची राहिली. सोसायटीचे लोक समजावून थकले. "नवीन घर कोणाला नको?" त्या म्हणायच्या. "पण माझा बाळू आला तर कुठे येईल? त्याला हेच दार माहीत आहे."



माझे वडील तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. प्रत्येक वळणावर ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. एका सकाळी आम्ही त्यांना असंच उतरवत होतो. काकूंच्या दाराशी आल्यावर त्या अवस्थेतही ते म्हणाले, "येतो वहिनी." काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

संध्याकाळी त्या धापा टाकत वर आल्या. "कुठे करायची ती सही? भाऊजींना लिफ्ट पायजे."

घरं खाली करायच्या दिवशी जो तो आपल्या दाराला हात लावून "येतो" म्हणत होता. काकू सगळ्यांत शेवटी निघाल्या. दिघ्याला बहिणीकडे जायचं होतं. सामान टेम्पोत चढलं होतं. त्यांनी उंबऱ्याला हळद-कुंकू वाहिलं, चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाते रे."

मी घाईने म्हणालो, "काकू, येते म्हणा ना!"

"तू म्हण. तू येणार आहेस." मग माझा हात धरून म्हणाल्या, "कोणी विचारत आला तर घरात घे हां. बाहेरूनच परत पाठवू नकोस."

नव्या इमारतीचे मजले चढत होते तेव्हाच काकू तिकडे दिघ्याला वारल्या.

आता बाबा व्हीलचेअरवरून लिफ्टने खाली उतरतात, बागेत उन्हाला बसतात. काकूंचं दार होतं तिथे गाड्या उभ्या असतात. गेटवर नवीन वॉचमन आला की मी त्याला सांगून ठेवतो, जुन्या बिल्डिंगीतल्या काकूंना विचारत कोणी आलं तर सरळ माझ्याकडे वर पाठव.

"कौन आनेवाला है, साब?" प्रत्येक जण विचारतो.

"घरचाच आहे," मी सांगतो. आणि कामाला निघताना त्या गाड्यांकडे बघून "येतो" म्हणतो.