करंजाखालची म्हैस

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात परिसंस्थेची आकृती होती. वर सूर्य, खाली गवत, गवत खाणारा ससा, सशाला खाणारा कोल्हा. बाण एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. मेलेलं खाणारे आणि कुजवणारे जीव मात्र पानाच्या तळाशी, कोपऱ्यातल्या एका लहान चौकटीत. ती चौकट बघितली की मला आमची वस्ती आठवायची. असं वाटणं बरोबर आहे की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

आमचं गाव अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्याही पुढे. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात. आमची बौद्धांची घरं ओढ्यापलीकडे होती. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. मी उल्हासनगरच्या कॉलेजात जायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

बाबांच्या लहानपणी गावातलं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या घरांकडे असायचं. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी ते सोडलं. मेल्या ढोराच्या दोरीला हात लावणार नाही, असा शब्द बाबांनी आजोबांना दिला होता. त्याबद्दल ते कधी मोठ्याने बोलायचे नाहीत, पण घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

ऐंशीच्या दशकातला तो एप्रिल. त्या वर्षी आमच्या पोरांनी गावच्या जत्रेत वाजवायला नकार दिला आणि गाव चिडलं. मग एका सकाळी दार उघडलं तर आमच्या अंगणासमोरच्या करंजाखाली मेलेली म्हैस. पोट फुगून वर आलेलं, जीभ बाहेर, शिंगाला दोरी तशीच. करंज फुलावर होता. फुलं तिच्या अंगावर पडत होती.

म्हशीचा मालक दोन गड्यांना घेऊन ओढ्याच्या काठावर उभा होता.

"काय रे, बघतोस काय? उचला ती. सांजच्याला जागा साफ दिसली पायजे."

बाबांच्या आधी आईच पुढे झाली.

"इथवर कोनी ओढून आनली?"

"आमच्या गड्यांनी."

"मग हात चालतात की तुमचे. तेच हात लावा आनि घेऊन जा."

आमच्या वस्तीतलं कोणीतरी हसलं. मालकाने दगड उचलून मारला. तो आईच्या खांद्याला लागला. बाबा धावले तसे गडी काठ्या घेऊन पाण्यात उतरले, आणि ओढ्यात दोन्हीकडून हाणामारी झाली. बाबांची भुवई फुटली. एका गड्याचा दात पडला. शेवटी मालक ओरडला, "माजलात! सडा त्या वासात. नाक दाबून स्वतःच दोरी धराल!"

ते खरं होणार की काय, हीच भीती पुढचे दोन दिवस वस्तीत होती.

पहिल्या दुपारी कुत्री आली. त्यांनी मागच्या मऊ जागेपासून सुरुवात केली आणि पोट फाडलं. जो वास सुटला तो मला शब्दांत सांगता येत नाही. आतड्यासाठी दोन कुत्री एकमेकांच्या मानेला भिडली आणि एकाचा कान तुटून लोंबू लागला. दुसऱ्या दिवशी अळ्या दिसल्या, डोळ्यांत, जबड्यात, जखमांच्या कडेने. जवळ गेलं की त्यांचा सळसळ आवाज यायचा. घरात भाकरीवर माश्या बसायच्या. शेजारचं तान्हं मूल सारखं ओकत होतं.

पुस्तकात लिहिलं होतं की विघटनामुळे मूलद्रव्यं मातीत परत जातात. मी ते पाठ केलं होतं. ते असं दिसतं, हे लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, दोरी घेऊन निघाला. बाबांनी त्याला दारातच धरला.

"सोड दादा. एकदाच ओढतो. पोरं आजारी पडतायत."

"आज एकदा ओढलीस की उद्या बैल आणून टाकतील."

"तुझ्या शब्दापायी मूल मरू दे काय?"

बाबांनी त्याच्या तोंडात मारली. काकाने त्यांना ढकललं, दोघं मातीत पडले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना भावाचा गळा धरताना पाहिलं. आईने त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतलं तेव्हा ते सुटले. काका बसून रडला. दोरी त्याच्या हातातच होती.

"उद्या सकाळपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मग मी कोणाचं ऐकणार नाही."

माझं लक्ष शेतापलीकडच्या विजेच्या मनोऱ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून त्यावर गिधाडं येऊन बसत होती. तेव्हा आमच्याकडे गिधाडं खूप होती, म्हणून ती खाली का उतरत नाहीत हे मला कळत नव्हतं. दुपारी एक खाली आलं होतं. त्याचा पंख करंजाच्या फांदीला आपटला आणि ते परत गेलं.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, मला नक्की माहीत नाही. पण त्यांना उतरायला मोकळी जागा लागत असेल. पोट भरल्यावर उडायच्या आधी ती धावतात, मी माळावर बघितलंय. झाडाखाली ती अडकतील."

"म्हंजे म्हैस उघड्यावर पायजे," काका म्हणाला. "म्हंजे ओढायलाच लागल ना!"

बाबांनी झटापटीत पुन्हा रक्ताळलेली भुवई पुसली आणि करंजाकडे बघितलं. ते झाड त्यांनी शाळेत असताना लावलं होतं. वस्तीच्या बैठका त्याच्याच सावलीत व्हायच्या, माझा अभ्यासही तिथेच व्हायचा.

"म्हैस नाही हलवायची," ते म्हणाले. "झाड हलवू."

उजाडल्यावर काका कोयता घेऊन वर चढला. नाकाला फडकं बांधून त्याने फांद्या एकेक करून छाटल्या. बायकांनी त्या बाजूला ओढल्या. कुत्री भुंकत होती, ओढ्यापलीकडे गाव गोळा होऊन हसत होतं. "म्हशीच्या मढ्यापायी झाड मारतात, येडी रं येडी!" मग बाबांनी बुंध्यावर कुऱ्हाड चालवली. प्रत्येक घावाला ते इतक्या जोराने हुंकारायचे की मला त्यांची भीती वाटली. झाड अंगणाच्या बाजूला पडलं तेव्हा जमीन हादरली.

आम्ही घरात गेलो आणि दारं लावून घेतली. खिडकीच्या फटीतून मी बघत होते.

पहिलं गिधाड उतरलं, मग दुसरं, मग मोजता येणार नाहीत इतकी. कुत्र्यांना त्यांनी पंखांनी झोडपून मागे हटवलं. मान पूर्ण आत घालून ती लाल करून बाहेर काढायची. एकमेकांच्या पाठीवर चढायची, फिस्कारायची, मांसाचा एक तुकडा तिघं ओढायची. ते बघवत नव्हतं आणि मी नजरही काढू शकत नव्हते. ऊन डोक्यावर यायच्या आत तिथे फासळ्या, शिंगं आणि कातड्याच्या चिंध्या उरल्या होत्या. मग ती एकेक करून धावत गेली आणि उडाली, नेमकी त्या जागेवरून जिथे सकाळपर्यंत करंज होता.

पलीकडे कोणी हसत नव्हतं. आई दारातून ओरडली, "दोरी तेवढी राहिली हो! न्यायची तर न्या!"

त्यानंतर गावात ढोर मेलं की मालक स्वतःच ते गाडीला बांधून माळावर न्यायचा. आमच्या दारात पुन्हा काही आलं नाही.

काकाने घरामागे नवा करंज लावला. समोरची जागा मात्र बाबांनी मोकळीच ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पाखरांना उतरायला ठेवलीय."

आता नव्वदचं दशक संपत आलंय. पालेगावकडून इमारती आमच्यापर्यंत येतायत. मनोऱ्यावर गिधाडं दिसत नाहीत, कित्येक वर्षांत मी एकही पाहिलेलं नाही. ती का गेली, मला माहीत नाही. कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. माळावर ढोरं कुजत पडतात आणि त्यांच्यावर कुत्र्यांची टोळी पोसते. गेल्या पावसाळ्यात त्या कुत्र्यांनी काकाच्या नातवाची मांडी फाडली.

एका बिल्डरच्या माणसाने समोरची ती जागा मागितली. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मोकळीच तर पडलीय, आजोबा."

बाबांनी मनोऱ्याकडे एकदा बघितलं, मग म्हणाले, "पडलेली नाही. ठेवलेली आहे."