आठाच्या आत उघडलेली नावं

कैरोपासून दूर, मिन्या शहरातल्या त्या सरकारी कार्यालयात वगदीचं काम एका वाक्यात सांगता येईल: लोकांचे कॉम्प्युटर रुसले की त्यांची समजूत काढायची. आणि हल्ली ते रोज रुसत होते. रोज म्हणजे रोज! वगदी जिना चढतोय न चढतोय तोच वरून हाक यायची, "इंजिनियरसाहेब, धावा! माझं सगळं गेलं!"

गेलेलं असायचं ते प्रोफाइल. तिथल्या प्रत्येकाचं आपापलं सामान, म्हणजे फायली, पत्रं, पोराच्या बारशाचे फोटो, भाचीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ, असं सगळं खालच्या सर्व्हरवर ठेवलेलं. कुठल्याही टेबलाशी बसा, आपलं नाव आणि पासवर्ड घाला, की ते सामान तुमच्या मागोमाग पडद्यावर हजर. सोय चांगली होती, नाही कोण म्हणतो? पण महिनाभरापासून कोणाचं ना कोणाचं सामान यायलाच तयार नसायचं. नाव घातलं की पडदा नुसता निळा, कोरा, आणि कोपऱ्यात सूचना: तुमचं प्रोफाइल उघडता आलं नाही, सध्या तात्पुरतं दिलं आहे. त्या तात्पुरत्यावर दिवसभर मान मोडून काम करावं आणि संध्याकाळी बंद केलं की सगळं पाण्यात. मॅडम इन्शिराहचा तिमाही अहवाल असाच दोनदा गेला. दुसऱ्या वेळी बाई टेबलावर डोकं ठेवून रडली.

वगदीने काय करायचं बाकी ठेवलं होतं? बिघडलेली प्रोफाइलं पुसून नवी केली, जुनं सामान उचलून त्यात भरलं, तारा बदलल्या, लग्नाचे व्हिडिओ काढा म्हणून लोकांच्या हातापाया पडला. दुरुस्त केलेलं दोन दिवस चालायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. तर वगदीची बायको आणि मुलगी दूर समुद्रकाठच्या पोर्ट सईदला होत्या. बायको तिथल्या शाळेत शिकवायची, तिची बदली होत नव्हती. ह्याची नोकरी मिन्याला, ह्याची होत नव्हती. मुलगी तालिया जन्मल्यापासून हा बाप म्हणजे सुट्टीत बॅग घेऊन येणारा पाहुणा. शेवटी एकदाची पोर्ट सईदच्या कार्यालयात जागा निघाली. तिथल्या साहेबांनी शब्द दिला, पण गुरुवारपर्यंतच; नाहीतर जागा दुसऱ्याला. अडलं होतं एका सहीवर. इथल्या मुदीरसाहेबांनी, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख फिक्री बे यांनी, सुटकेच्या कागदावर सही केली की वगदी मोकळा. आणि फिक्री बे प्रत्येक वेळी गोड हसून एकच म्हणायचे, "करतो रे बाबा. आधी हे कॉम्प्युटरचं रडगाणं तर संपव. घर जळत असताना बंब सोडून देऊ?"

तिकडे तालियाने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की रविवारी नवा आठवडा सुरू झाला की मला रोज शाळेत सोडायला माझे बाबा येणार.

त्या आठवड्यात वगदीने सर्व्हरच्या नोंदी पुन्हा वरून खाली वाचल्या, आणि ह्या खेपेला त्याला दिसलं. जी जी प्रोफाइलं बिघडली होती, ती सगळी त्याच दिवशी सकाळी आठाच्या आत उघडली गेली होती. बरं, उघडली कुठे? तर तळमजल्यावरच्या प्रशिक्षणाच्या खोलीत! त्या खोलीत उद्घाटनानंतर कधी कोणाला प्रशिक्षण मिळालं नव्हतं. कॉम्प्युटर ओळीने मांडलेले आणि त्यांवर धूळ. मॅडम इन्शिराह साडेनवाच्या आत कधी आलेली नाही, मग ती पावणेआठला त्या खोलीत काय करत होती?

बुधवारी वगदी पहाटेच आला आणि त्या खोलीत मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि ट्रे घेऊन अम्म झगलूल आत आले. अम्म झगलूल, म्हणजे सगळ्यांचे झगलूलकाका, कार्यालयाचे चहावाले. शेजारच्या खोपट्यात त्यांचा चहाचा संसार. त्यांनी ट्रे ठेवला, पायघोळ गलबियाच्या बाह्या वर सारल्या, आणि पहिल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात केली. एक बोट वापरून, ओठांत पुटपुटत.

"इन्शिराह, साखर तीन, पासवर्ड आईचं नाव... रऊफ, बिनसाखरेचा, पासवर्ड बारा चौतीस..."

"अम्म झगलूल!"

म्हातारा असा दचकला की ट्रेमधले पेले वाजले. "या खुदा! इंजिनियरसाहेब, जीव गेला असता माझा! असं भुतासारखं कोणी बसतं का?"

"तुम्ही काय करताय हे?"

"काय करतोय? लोकांना हजर करतोय!" अम्म झगलूल यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "कैरोवाल्यांनी सहीचं रजिस्टर बंद केलं ना? आता म्हणे आठाच्या आत कॉम्प्युटरवर नाव उघडलं तरच माणूस आला. नदीपलीकडच्या लोकांना मायक्रोबस मिळते का आठाला? आणि इन्शिराहची आई अंथरुणाला खिळलेली. तिला धुवून पुसून, खाऊ घालून ही येणार कधी? पूर्वी मी रजिस्टर पुढे सरकवायचो, आता ही बटणं दाबतो. माणुसकी नको का?"

"आणि मग? बंद कसे करता?"

"मग काय, बंद." अम्म झगलूल यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे हात केला. एक जाडी काळी वायर तिथून खोपट्यात गेली होती, थेट किटलीपर्यंत. "हे सगळे चालू असताना किटली लावली तर फ्यूज उडतो. म्हणून नावं उघडून झाली की हा खटका खाली, कॉम्प्युटरांचे प्लग बाहेर, खटका वर, आणि किटली सुरू. मग दुसरा चहा उतरला की उरलेली नावं."

वगदीने कपाळाला हात लावला. महिनाभर ज्याने त्याचं रक्त आटवलं, ते हे! नाव उघडतं, सामान सर्व्हरवरून अर्धं खाली येतं, आणि चहाच्या आधणासाठी म्हातारा मध्येच वीज तोडतो. प्रोफाइल तिथल्या तिथे मोडतं. मग मालकीण साडेनवाला येऊन वर बसते, तेव्हा तिच्या नशिबी निळा पडदा. त्याला हसू आलं, आणि लगेच रागही आला. ह्या एका किटलीपायी माझी पोर तिकडे वाट बघतेय!

पण राग काढणार कोणावर? हाच म्हातारा रमझानमध्ये, वगदी एकटा राहतो म्हणून, त्याला उपास सोडायला घरी नेत असे.

त्याने बाजारातून लांब वायर आणली, किटली व्हरांड्यातल्या वेगळ्या लाइनवर नेली, आणि अम्म झगलूल यांना नीट लॉगआउट करायला शिकवलं. "पडदा काळा होईपर्यंत हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं. तुमचाही पासवर्ड देऊन ठेवा की. कधी उशीर झाला तर..."

"मला कशाला? मी चाललो ना इथून."

"हो की. खुदा तुमचा रस्ता सोपा करो."

गुरुवारी सगळ्यांची प्रोफाइलं उघडली. एकही हाक आली नाही. मॅडम इन्शिराहच्या पडद्यावर तिच्या आईचा फोटो आला तेव्हा तिने आनंदाने दोन टाळ्या वाजवल्या. अकरा वाजता फिक्री बे आले, आणि त्यांच्या मागोमाग कागद घेऊन वगदी.

"शाबास!" फिक्री बे म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं. "पण होतं काय नेमकं?"

"एक तार सैल होती."

"सैल होती, म्हणजे पुन्हा सैल होणार. आणि तू तिकडे समुद्रावर हवा खात बसणार. महिनाभर बघू, मग सही."

"फिक्री बे, जागा आजच्यापुरतीच आहे!"

"अरे, जागा काय, निघत असतात."

वगदीच्या डोळ्यांपुढे शाळेच्या फाटकाशी उभी असलेली तालिया आली, आणि त्याचा तोल गेला. "तार नव्हती! पुन्हा होणार नाही हे मी लिहून देतो, कारण त्याचं मूळ मला माहीत आहे. इथल्या निम्म्या लोकांची नावं आठाच्या आत खालच्या खोलीत उघडली जातात. माणसं नसताना."

"कोणाची नावं?" फिक्री बे यांचा आवाज चढला.

"त्यात तुमचंही आहे, फिक्री बे."

ते उठले, दार लावून घेतलं, आणि येऊन पुन्हा बसले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. मलाच."

"हं." फिक्री बे यांनी पेनाला टोपण घातलं. "मग तूच सांग वगदी, तुला मी सोडू कसा? तू गेलास की कैरोहून कोणी नवा येईल. हुशार, उत्साही. ह्याच नोंदी तो वाचेल आणि पहिल्याच आठवड्यात वर पाठवून देईल. माझं एक वेळ निभावेल. झगलूलचं काय होईल? त्या इन्शिराहचं? तू घरचा माणूस आहेस. तुझ्या पोटात राहील." त्यांनी घंटी वाजवली. "चहा घेतोस ना?"

चहा घेऊन अम्म झगलूलच आले. "सगळे कॉम्प्युटर कसे शहाण्यासारखे चाललेत!" असं म्हणून त्यांनी वगदीपुढे पेला ठेवला. वगदीने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि वरिष्ठांकडे तक्रार करायची जी काही भाषा मनात जुळत होती ती तिथेच विरली. सही न झालेला कागद घडी करून त्याने खिशात टाकला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "तालियाचे बाबा, झालं का?" त्याने सांगितलं. ती म्हणाली, "तिला तूच सांग." तालिया फोनवर आली आणि तिने एवढंच विचारलं, "मग मी वर्गात काय सांगू?" त्याने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

रविवारी वगदीला उठवेना. शाळेची वेळ झाली, टळून गेली, तो भाड्याच्या खोलीत छताकडे बघत पडून राहिला. पाहुण्यासारखा तिकडे आणि कैद्यासारखा इकडे, अशी किती वर्षं काढायची? कार्यालयात पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा उशिरा आला होता.

अम्म झगलूल जिन्यापाशीच घुटमळत होते. "इंजिनियरसाहेब, बरं नाही का? तुमची गैरहजेरी लागली! मी तरी काय करणार, तुमचं नाव उघडायला पासवर्डच नाही माझ्यापाशी."

वगदी कठड्याला धरून उभा राहिला. वर कोणीतरी हसत होतं, किटलीचं झाकण वाजत होतं.

"तालिया," तो म्हणाला.

"काय?"

"पासवर्ड. तालिया."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि विसरू नये म्हणून ओठांतल्या ओठांत घोकलं, "वगदी, साखर दोन, तालिया... वगदी, साखर दोन, तालिया." मग डोळे उघडून समाधानाने म्हणाले, "झालं पाठ. आता काळजी नको. तुम्ही सावकाश येत जा."