सातव्या चौकोनातली फुली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवली आहे. आमच्या हिला विचारा, तिच्या माहेरच्या एकाही भुताला मी सुखानं नांदू दिलेलं नाही. तेव्हा हे वाचून कोणी माझी टर उडवली तर माझी तक्रार नाही... फक्त जमलं तर उलगडा करून कळवा.

पन्नास सालचा हिवाळा. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. उल्हासनगर हे नाव नुकतंच पडलं होतं, लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प'च होतं. तिथल्या ऑफिसात हरवलेल्या माणसांच्या शोधाचं काम माझ्याकडे होतं. मी स्वतः रानात जात नसे. टेबलाशी बसून तुकड्या पाठवायच्या आणि त्यांनी आणलेल्या खबरा जुळवायच्या, ही माझी ड्यूटी.

भिंतीवर उल्हासनगर ते बदलापूर एवढ्या टापूचा नकाशा असे, त्यावर चौकोन आखलेले. दर शोधाला नवा नकाशा. तुकडी एखादा चौकोन पाहून आली की मी त्यात फुली मारायचो. फुली पडली की तिथं पुन्हा माणूस पाठवायचा नाही, हा नियम माझाच. माणसं थोडी आणि रान मोठं, दुसरं करणार काय? फुली कॉपिंग पेन्सिलीची. ही पेन्सिल जिभेला लावून ओली केली की जांभळी उमटते आणि मग पुसता पुसत नाही. त्यामुळे माझी जीभ कायम जांभळी. कारकून जोशी म्हणायचा, "साहेबांना बारा महिने जांभळं मिळतात."

एका संध्याकाळी रुक्मिणी नावाची सिंधी बाई ऑफिसात आली. तिची सासू जमनाबाई सकाळी बायकांबरोबर सरपणाला गेली होती, ती परतलीच नव्हती. म्हातारीला दमा. रुक्मिणीचा नवरा तिकडच्या दंगलीत गेलेला, मूलबाळ नाही. या दोघीच एकमेकींना होत्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तुकड्या सोडल्या. रुक्मिणी नकाशासमोरच्या बाकावर येऊन बसली ती उठेचना.

नऊच्या सुमारास बाळाराम परतला. हा अंबरनाथकडचा आगरी गडी, माझा सगळ्यात भरवशाचा माणूस. सातवा चौकोन त्याच्याकडे होता. बदलापूरच्या वाटेवर नाल्याकाठची बंद पडलेली वीटभट्टी त्यात येत होती.

"सायेब, भट्टी पायली, नाला पायला. शिट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. कोन नाय."

मी पेन्सिल जिभेला लावली आणि सातव्यात ठसठशीत फुली मारली.

अकराला नकाशाकडे पाहिलं तर सातवा कोरा! बाकीच्या फुल्या जागच्या जागी. मी जोशीवर उखडलो.

"साहेब, तुमच्या नकाशाला मी हात लावेन होय?" तो बिचारा कावराबावरा झाला.

म्हटलं, आपलीच चूक. रात्रभर झोप नव्हती. पुन्हा फुली मारली, दाबून मारली, जोशीला दाखवली. मग फोन वाजला म्हणून वळलो. बदलापूर स्टेशनवरून खबर होती, तिकडेही काही सापडलं नव्हतं. फोन ठेवून पाहतो तर सातवा पुन्हा कोरा...

जोशी पाणी आणायला गेला होता. खोलीत फक्त रुक्मिणी होती. मी विचारलं, "यहाँ कौन आया था?"

"कोई नहीं, साहब." एवढं बोलून ती रडायलाच लागली. बहुधा मी ओरडलो असेन.

मी आरशात जीभ पाहिली. ताज्या रंगानं जांभळी होती. खरं सांगतो, मला घाबरायलासुद्धा सुचलं नाही. तिसऱ्यांदा फुली मारायचा धीर झाला नाही. कोट चढवला आणि बाळारामला म्हटलं, चल.

त्याला राग आला. "माज्या बोलन्याव इस्वास नाय का, सायेब?"

रुक्मिणीलाही जीपमध्ये घेतलं. का घेतलं, तेही सांगता येणार नाही.

भट्टीशी पोचल्यावर बाळारामनं सवयीनं शिटी तोंडाला लावली. रुक्मिणीनं झडप घालून त्याचा हात धरला. "सीटी मत बजाओ!" मग ती एकटीच पुढं गेली. "अमां..." हळूच, घरात मारावी तशी हाक. "अमां..."

विटांच्या दोन थप्प्यांच्या फटीत वाळलेलं गवत हललं. म्हातारी त्याच्याखाली अंगाचं मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे पडले होते, धाप लागली होती, पण जिवंत होती.

ती काय पुटपुटते आहे ते रुक्मिणीनं आम्हाला हिंदीत सांगितलं. सकाळी लाठ्या घेऊन माणसं आली, शिट्या मारत, नाव घेऊन ओरडत. तिकडे सिंधमध्ये दंगलीच्या त्या रात्रीही अशीच आली होती. म्हणून म्हातारीनं गवत ओढून घेतलं, पदर तोंडात कोंबला आणि खोकला दाबून धरला.

बाळारामनं शिटी खिशात घातली. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. वाट चुकून ती फक्त हरवली होती, लपायला तिला आम्ही लावलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिट्या बंद. घरची बाई पुढे आणि तुकडी मागे, असा नवा नियम केला. हे झालं समजण्यासारखं. पण तो नकाशा? मी तो उतरवून खिडकीशी धरला. बाकीच्या फुल्या इतक्या दाबून मारलेल्या की मागच्या बाजूनं बोटाला लागत होत्या. सातव्यात रंग नाही, ओरखडा नाही, साधा वळसुद्धा नाही. जोशीनं ती फुली डोळ्यांनी पाहिली होती. तो आजही शपथेवर सांगतो.

मग कपाटातून जुने नकाशे काढले. कधीच न सापडलेल्या माणसांचे. ते सगळे चौकोन मी शिट्यांच्याच भरवशावर बंद केले होते. एकेक नकाशा टेबलावर पसरून मी संध्याकाळपर्यंत पाहत बसलो. त्यांतली एकही फुली पुसली गेली नव्हती.

त्या लोकांसाठी का नाही? मला कळत नाही. इतकी वर्षं झाली, अजूनही कळत नाही.