नैऋत्येची खोली

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी छताकडे जाते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकरोडच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन घेतला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, एका बैठ्या बंगल्याचा स्लॅब पडलाय, बाई खाली सापडली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा बाई गेलेली होती. मागच्या खोलीचं अर्धं छत पलंगावर आलं होतं. त्यावर फुटलेली पाण्याची टाकी होती आणि सगळ्या घरात चिखल झाला होता. तिचा नवरा देवळालीच्या तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी हे घर विकत घेतलं होतं. तो दूध आणायला गेला आणि मागे हे घडलं. दुधाची पिशवी अजून त्याच्या हातातच होती. कोणाला ती काढून घ्यायचंही सुचलं नव्हतं.

पंचनाम्यात टाकीचा प्रश्न आला. गच्चीवर ती आधी दुसऱ्या कोपऱ्यात असल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. मी विचारायच्या आधीच हवालदार बोलला, "मीच सरकवली साहेब. वास्तुवाले म्हणाले टाकी नैऋत्येला पाहिजे, आणि घरच्या कर्त्यानं झोपायचं पण नैऋत्येलाच."

म्हणजे वर टाकी आणि तिच्या बरोबर खाली पलंग. घर घ्यायच्या आधी त्याने दारं, देव्हारा, चूल सगळ्यांच्या दिशा तपासून घेतल्या होत्या. छताला कोणी हात लावून पाहिला नव्हता. आपल्याकडे मेथीची जुडी उलटीसुलटी करून घेतात, माठ वाजवून घेतात; घर बघायला मात्र पेढे घेऊन जायचं, चहा प्यायचा आणि 'छान आहे' म्हणून उठायचं. भिंतीला ओल आहे का विचारलं तर समोरच्याला काय वाटेल, ही आपली भीड. मला या भिडेचा फार राग येतो.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुपारी निफाडहून बाईचा भाऊ आला. द्राक्षबागेतून तसाच उठून आलेला, पायाला माती. ठाण्यात येऊन तो टेबलासमोर उभा राहिला.

"टाकी कोणी हलवली ते लिवा साहेब. दाजीनंच मारली आमची ताई. लय हौस व्हती ना वास्तूची!"

हवालदार बाकावर बसून ऐकत होता. म्हणाला, "लिहा साहेब. खरं हाय ते."

आमच्या निरीक्षकांचंही तेच मत पडलं. टाकी नवऱ्याने हलवली, त्या वजनाने स्लॅब गेला, तेव्हा निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नवऱ्यावर. कागदावर यात काही चूक नव्हती. मला मात्र ते पटेना. बायको गेलेल्या माणसाला तिच्याच मृत्यूचा आरोपी करायचं, आणि तेही तो स्वतः हात पुढे करतोय म्हणून? मी चौकशीसाठी थोडी मुदत मागितली.

बांधकाम खात्याच्या इंजिनियरने पाहणी केली. सळया जुन्या गंजलेल्या, आणि त्यांच्याखाली नवंकोरं पीओपीचं छत. ते विकायच्या जरा आधी बसवलेलं. पण शोभेसाठी बसवलं असं कोणीही म्हणू शकतं. गंजलेली सळई दाखवता येते. विकणाऱ्याला ती माहीत होती हे कसं दाखवायचं?

अशात ठाण्यात एक फोन आला. "नाव सांगणार नाही," बाईचा आवाज होता. "आधीचे लोक त्या खोलीत कधीच झोपायचे नाहीत. का ते त्यांना विचारा." फोन ठेवला. आवाज मी ओळखला. पंचनाम्याच्या वेळी आम्हाला पाणी आणून देणाऱ्या शेजारच्या काकू. पंचांसमोर त्या 'आम्हाला काही ठाऊक नाही' म्हणाल्या होत्या. माणसं चारचौघांत तोंडात मिठाची गुळणी धरतात आणि घरी गेल्यावर त्यांना झोप लागत नाही. आमचा निम्मा तपास अशाच जागरणांवर चालतो.

विकणारा निवृत्त कारकून. गंगापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता. मी तिथे गेलो तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं. "घर त्यांनी नीट बघून घेतलंय साहेब. वास्तुवाला पण आणला होता. नंतर टाकी हलवली त्याला मी काय करणार?"

मी स्लॅबचा विषयच काढला नाही. घरात माणसं किती होती ते विचारलं. पाच.

"झोपायला कोण कुठे?"

"मुलगा-सून पुढच्या खोलीत. आम्ही दोघं नि नात हॉलमध्ये."

"हॉलमध्ये? आणि मागची खोली?"

"तिथे अडगळ असायची."

"एवढी मोठी खोली अडगळीला देऊन तुम्ही म्हातारपणी हॉलमध्ये झोपत होता?"

दारात त्याची बायको उभी होती. "सांगून टाका हो," ती म्हणाली. तो हललाही नाही, तेव्हा तीच बोलली.

"पावसाळ्यात छताचे पोपडे पडायचे. नातीला मी तिकडे फिरकू देत नव्हते. आधी एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांना ह्यांनी खरं सांगितलं. ते परत आलेच नाहीत. मग ते पीओपी केलं."

"टाकी त्या कोपऱ्यात नेणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्यासमोरच ठरलं. किल्ल्या द्यायच्या दिवशी गेलेली ती बाई म्हणाली, वहिनी, ही खोली आम्ही आमची करणार. मी खणानारळाने तिची ओटी भरली साहेब. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या." त्या वेळी मला तिच्याकडे बघवेना.

गुन्हा विकणाऱ्यावर दाखल झाला. हवालदाराला बोलावून सांगितलं, तुमच्यावर काही नाही. त्याने विचारलं, "पण सरकवली तर मीच ना?" खटला रेंगाळला आणि निकालाच्या आधीच विकणारा वारला. मेव्हण्याने दाजीशी पुन्हा बोलणं ठेवलं की नाही, मला कळलं नाही.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. खोटं बोलणाऱ्याला पकडणं सोपं असतं. गप्प बसणाऱ्याने काहीच केलेलं नसतं, म्हणून तो सुटतो, आणि त्याच्या बायकोची मनातली टोचणी सुटत नाही. तेव्हापासून ओळखीत कोणी घर घ्यायला निघालं की मी म्हणतो, एखादा इंजिनियर सोबत न्या, गच्चीवर चढा, भिंती ठोकून बघा, समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू द्या. लोक हसतात. पोलिसाला सगळीकडे संशय, म्हणतात.

काही वर्षांनी बदलीवरून परत आलो, तेव्हा त्या रस्त्याने जाणं झालं. हवालदाराने स्लॅब नवा घालून घर विकायला काढलं होतं. एक तरुण जोडपं बघायला आलं होतं. त्याने त्यांच्यासाठी गच्चीला शिडी लावून ठेवली होती. "इंजिनियर आणा, मगच पुढचं बोलू," तो त्यांना सांगत होता. "आणि ह्या खोलीचं छत पडून माझी बायको गेली. आता नवं हाय, पण तुम्हाला माहीत पाहिजे." बाईने नवऱ्याचा हात धरला. दोघं घाईने फाटकाबाहेर पडली.

"असं सांगितलं तर घर कोण घेईल?" मी विचारलं.

तो त्या दोघांच्या पाठीकडे बघत होता. "मला कोणी सांगितलं असतं ना साहेब, तर आम्ही पण असेच निघून गेलो असतो," तो म्हणाला, आणि शिडी उचलून आत घेऊन गेला.