नाखव्याची पसंती

खारदांड्याच्या पुळणीवर जी गाडी रुतली ती नाखव्यांनी नव्हे, मी पसंत केली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिचा तर या गोष्टीशी थोडा संबंध आहे.

नाखवा म्हणजे होडीचा धनी. त्यांचं पाळण्यातलं नाव दांड्यात कोणी घेत नसे, म्हणून मीही घेत नाही. बुटका, रुंद माणूस. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी मुठीने ठोकायचे आणि मग कान लावायचे. होडीची फळी ठोकायचे, त्यात नवल नाही. पण नारळ, रांजण, दुकानातलं लाकडी कपाट, सगळ्याला कान. दांड्यात कोणी होडी विकत घ्यायला निघाला की यांना सोबत नेत. मी कामाला आलो तेव्हा माझ्याही पाठीत एक बुक्की हाणली आणि म्हणाले, "आवाज बरा हाय. रहा."

मी मूळचा कोकणातला, वाढलो घाटकोपरला. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी लायसन काढलं आणि वसईच्या खाडीवर रेतीच्या कामावर वर्षभर जीप हाकली. म्हणूनच नाखव्यांनी मला ठेवलं. त्यांना वाळूत गाडी चालवणारा माणूस हवा होता. गाडी अजून यायची होती.

गाडी हवी होती ती बायसाठी. बाय म्हणजे त्यांची बायको. सगळा दांडा तिला बायच म्हणे. होडी लागली की मासळीच्या पाट्या डोक्यावरून सडकेपर्यंत न्यायच्या, हे बायकांचं काम. बायने ते जन्मभर केलं आणि तिची मान धरली. डॉक्टरने बजावलं, यापुढे ओझं नाही. ती हसली. "डॉक्टर येनार हाय का पाटी उचलाला?" नाखवा हसले नाहीत. म्हणाले, "गाडी खाली होडीपर्यंत आननार. तुजे डोक्यावर परत पाटी नाय."

आम्ही घाटकोपरला निघालो त्या सकाळी बाय दारातून ओरडली, "बारकी बघा रं! पाटी भरलेली असली का पाय किती आत जातो, ते मना इचारा!"

"तू मासली बघ गो," नाखवा म्हणाले. "गाडी आमी बघतो."

घाटकोपरला जुन्या गाड्यांच्या एका वाड्यात दोन गाड्या आमच्या ऐपतीत बसत होत्या. एक जीपचा पिकअप. पत्रा सोललेला, दारांच्या जागी साखळ्या, सीट फाटकी. पण तिची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरायची, आणि अंगाने हलकी. दुसरी मोठी, पेट्रोलवरची. जाड पत्र्याचा हौदा, दोन्ही बाजूंना दारं, वरखाली होणाऱ्या काचा. जोर फक्त मागच्या चाकांना. वाळूत कुठली चालेल हे मला बघताक्षणी कळलं होतं. रेतीवर वर्ष काढलेल्या कोणालाही कळलं असतं.

नाखव्यांनी दोन्ही गाड्या ठोकल्या, खाली वाकून कान लावला. मोठीपाशी जास्त वेळ थांबले. "ही भरीव हाय," ते म्हणाले. "हलकी होडी लाटेवर नाचते. जड होडी बसते, सरळ चालते." होडीचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्यांना स्वतःलाच शंका आली असावी. माझ्याकडे वळून विचारलं, "हाकनार तू. पुळनीवर चालंल?"

वाड्याचा शेठ कंटाळून मला म्हणाला, "अरे ड्रायव्हर, बोल ना यार. दुपार झाली."

त्या दिवसांत सांताक्रूझच्या एका घरी माझं लग्नाचं बोलणं चाललं होतं. साखळ्यांच्या त्या खटाऱ्यातून, अंगावर चिखल घेऊन त्यांच्या दारात उतरायचं माझ्या जिवावर आलं. काच खाली करून कोपर बाहेर काढलेला मी मला दिसत होतो. मी म्हणालो, "चालेल, नाखवा. झकास चालेल."

गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि पहिल्या दिवशी ओहोटीला ती पुळणीवर उतरवली. रिकामी होती तोवर गेली. हौद्यात बोंबलाच्या पाट्या चढल्या आणि मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी जोर देत गेलो तशी ती खाली बसत गेली, पार हौदा वाळूला टेकला. भरती लागली होती. सगळ्या पाट्या पुन्हा उतरवल्या. होडी ओढायचा दोर आणला, सगळा दांडा लागला, तेव्हा कुठे ती निघाली. पोरं ओरडत होती, "नाखवा, नांगर टाकलाव काय!"

मी चिखलात उभा होतो. कोणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरलाच अक्कल नाय."

"त्याला बोलू नका," नाखवा म्हणाले. "मी वाजवून घेतली. चूक माजी."

एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला लागले. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

जीप तोवर दुसऱ्याने नेली होती, आणि दुसरी गाडी घ्यायची ताकद राहिली नव्हती. मोठी गाडी सडकेवर उभी राहायची. बाय पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन पुळण चढू लागली. मी वर काच खाली करून बसलेला असायचो. ती हौद्याशी आली की उतरून पाटी घ्यायचो, इतकंच. होडी घ्यायला निघालेले लोक नाखव्यांना न बोलावताच जाऊ लागले. त्यांचं वस्तू ठोकायचं बंद झालं.

माझं लग्न झालं. विमानतळाजवळच्या एका कंपनीत गाडीवर नोकरी लागली. सांगायला गेलो तेव्हा नाखवा म्हणाले, "जा. बरा हाकतोस तू." यापेक्षा शिवी दिली असती तर सोसवलं असतं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर बाय ओटीवर बसली होती. मान एका बाजूला कललेली, तशीच राहिलेली. माझ्याकडे बघायला तिला सगळं अंग वळवावं लागलं. चहा दिला आणि म्हणाली, "मी सांगलं होतं, बारकी घ्या. माजा ऐकला नाय त्याने. माजी मान घालवली न् आपुन सुटला. तेरावा झाला तरी माजा राग जात नाय बग."

मी चहा प्यालो, पाया पडलो आणि निघून आलो.

बाय अजून आहे, दांड्यातच आहे. नवऱ्यावर तिने धरलेला राग माझ्या वाट्याचा आहे, हे तिला तिच्या ओटीवर बसून सांगायचं आहे. ते माझ्याकडून अजून झालेलं नाही.