गुंगीचा सौदा

आदल्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यातून फोन आला, वजन किती म्हणून, आणि मी कडता कापून सांगितलं. परतूरच्या मोंढ्यात माझी आडत आहे. पोत्याचं, ओलीचं, काडीकचऱ्याचं वजा केल्याशिवाय माझ्या तोंडून आकडा निघत नाही. मी कपडे वजा केले, चपला वजा केल्या, आणि पोट साफ करायचं औषध रात्री घ्यायचंच होतं, तेव्हा पोटात जे काही होतं तेही वजा केलं. गुंगीचं औषध वजनावर मोजतात, हे कुठं ठाऊक होतं?

तपासणी आतड्याची, मागच्या बाजूने दुर्बीण घालून करतात ती. मला रक्त पडत होतं, आणि माझे वडील आतड्याच्या गाठीनेच गेले होते. या दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत, म्हणून त्यांवर कुणी बोलत नव्हतं. सगळं बोलणं गुंगीवर.

आडतीवर तर परिषदच भरली. मंठ्याच्या मेहुण्याची हीच तपासणी झालेली. त्याला दोन औषधांची जोडी दिली होती. म्हणे, वळा म्हटलं की वळत होतो, विचारलं ते सांगत होतो, पण नंतर काही आठवत नाही. त्या गुंगीत तो बायकोला काहीतरी बोलला आणि ती आठवडाभर अबोला धरून होती. काय बोललो, हे त्याला अजून कळलेलं नाही. शेजारी तराजू दुरुस्त करणाऱ्या चाचांना एकच इंजेक्शन मिळालं होतं, दुधासारखं पांढरं. त्यांचं मत पक्कं होतं.

"सेठ, जोडी मत लेना. सफेदवाला लो. बिलकुल गायब."

सोयाबीन मापायला आलेल्या शेतकऱ्यांतही दोन तट पडले. एकाने सांगितलं, फवारणीत दोन औषधं मिसळली की पान करपतं.

दवाखान्यात मी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे हा सगळा विषय मांडला. त्यांनी शांतपणे समजावलं. पांढऱ्याने झोप लवकर लागते, लवकर उतरते, पण श्वासावर डोळा ठेवावा लागतो. जोडीने माणूस पेंगतो, उठायला मात्र वेळ घेतो. मी आवाज खाली आणून विचारलं, निम्मं-निम्मं नाही का जमणार? त्या म्हणाल्या, थोडं थोडं सगळंच देणार होते. एवढा मोठा सौदा मी जिंकला, तो समोरच्याने आधीच सोडून दिलेला होता.

पुढचं ऐकीव. डोस मी सांगितलेल्या वजनाचा, आणि टेबलावर माणूस त्याहून बराच जास्त. मधेच मी कोपरावर उठलो आणि लिलाव पुकारायला लागलो. आधी टेबल पुकारलं, मग पडद्याचं मशीन. माझंच आतडं पडद्यावर दिसत होतं, त्यालाही म्हणे मी माल ओला आहे म्हणून भाव पाडला. बाईंनी खरं वजन विचारलं, ते मी गुंगीत बरोबर सांगितलं. मग औषध वाढवलं आणि बाजार बंद झाला.

एक लहानशी गाठ सापडली. ती तिथल्या तिथं काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंतही आडतीवर माझी चर्चा चालूच, जोडी बरी की पांढरं. बायको चहा ठेवून आत जायची.

गाठ साधी निघाली. त्या संध्याकाळी मी हसत हसत बायकोला विचारलं, बाहेर आणल्यावर तुझ्याशी काय बोललो गं मी? भाव तर नाही ना पाडला?

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भ्या वाटून राह्यलं म्हणले तुम्ही. माझा हात सोडीनात. मलाबी वाटून राह्यलं होतं, पण तुम्ही रोज चाचासंग औषधाचंच बोलत बसले. मंग मी कुणाला सांगावं?"