फॉर्मवरचा नंबर

आमच्या औशात पोरीला मोबाईल घेऊन देतात, त्यात रिचार्जही मारून देतात, पण तिचा नंबर फॉर्मवर देत नाहीत. दहावी असो, बारावी असो, शिष्यवृत्ती असो, पोरीच्या नावापुढे नंबर बापाचा, भावाचा, नाहीतर चुलत्याचा. नंबर बाहेर गेला की पोरीची अब्रू त्याच्या मागोमाग जाते म्हणे. ही रीत ज्याने पाडली त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायची माझी फार इच्छा आहे.

मी लातूरला बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी तपासलं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका रोज पाण्याला शिव्या घालत, पण त्यात नेमकं काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, आणि मला नाद लागला. नांदेडला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायची, एवढंच डोक्यात बसलं.

घरी सांगितलं तर काका हसले. काका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आडतीचं दुकान दोघांचं, पण बाहेरची सगळी धावपळ काकांकडे, त्यामुळे घरात शब्दही त्यांचाच.

"पर्यावरण? म्हंजे झाडं लावायचं शिकायला नांदेडला जातीस व्हय? दुकानामागं लाव की दोन."

अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "भरू दे फॉर्म. भरल्यानं काय होतंय?" त्या एका वाक्यावर मी अप्पांना देव्हाऱ्यात बसवलं.

फॉर्म भरायला बसस्टँडजवळच्या सेवा केंद्रात गेलो, अर्थातच काका सोबत. केंद्रवाल्याने मोबाईल नंबर विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझा टाका." केंद्रवाल्याने मान वर न करता टाकला. रोज तेच करत असणार. आणि मी, प्रयोगशाळेत एक थेंब इकडचा तिकडे होऊ न देणारी, तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. ती चूक माझी. बाकीच्या त्यांच्या.

मग वाट बघणं सुरू झालं. मेसेज काकांच्या फोनवर येणार, आणि संकेतस्थळावर स्वतः बघायचं म्हटलं तरी ओटीपी काकांच्याच फोनवर. मी रोज विचारायची. "न्हाई आला गं. आल्यावर सांगणार न्हाई का मी?" ओटीपी मागितला की काका देवणीला असत. देवणीला त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ काढलं होतं. त्या मुलाचा बायोडाटा मात्र त्याच फोनवर आला आणि दहा मिनिटांत फोटोसकट माझ्यापुढे हजर झाला. मुलाची उंची, रंग, शेती, सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

रोज संध्याकाळी जेवायला बसताना अप्पा विचारायचे, "काय झालं गं तुझ्या नांदेडचं?" एवढं मऊ विचारायचे की मीच त्यांची समजूत काढायची. येईल अप्पा, उशीर होतो कधी कधी.

एक दिवस हिमायतनगरच्या मैत्रिणीचा फोन आला. लातूरला आम्ही एकाच खोलीत राहायचो. तिला ना बाप ना भाऊ, त्यामुळे बिचारीला नांदेडच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर द्यावा लागला होता.

"अगं, काय करून राहिलीस तू तिथं? यादी लागून आठ दिवस झाले. चौथं नाव तुझं. सीट का सोडलीस?"

मी तशीच चपला घालून दुकानावर गेले. काका गादीवर बसले होते. चार गिऱ्हाईकांसमोर विचारलं, "मेसेज आला होता का?"

त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. वर तोंड करून म्हणाले, "आला व्हता. त्याच दिशी तुझ्या अप्पाला दाखवला. इचार त्याला."

अप्पा आत पोत्यांपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. आठ दिवस हा माणूस माझ्या ताटासमोर बसून मला विचारत होता. काकांचा राग मला पेलवला असता, ते उघड वैरी होते. पण अप्पांनी केसाने गळा कापला, आणि कापताना दुखतंय का म्हणून विचारलंही.

"का अप्पा?"

"तू गेलीस की परत येणार न्हाईस, बाळ."

त्या 'बाळ'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. गिऱ्हाईकं एकेक करून उठून गेली.

रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी एक फेरी बाकी होती. ती मैत्रिणीनेच सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने लातूर, तिथून अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. आईने दारात हातावर भाकरी ठेवली, तोंडातून शब्द काढला नाही. तिच्यावरचा रागही मी विसरलेले नाही. तिला किती माहीत होतं हे मी अजून विचारलेलं नाही.

एकच जागा उरली होती. ती मला मिळाली. तिथल्या मॅडमनी नवा फॉर्म पुढे केला. माझ्या नावापुढे मी माझा नंबर लिहिला, दहाचे दहा आकडे ठसठशीत. खाली दुसरा रकाना होता, पालकाचा. अडीअडचणीला इथे फोन करतो, मॅडम म्हणाल्या. आजारी पडलीस, अपघात झाला, काही झालं तर.

मी तिथे हिमायतनगरच्या मैत्रिणीचा नंबर लिहिला.

आता दुसरं वर्ष चालू आहे. अप्पा रविवारी फोन करतात, जेवलीस का विचारतात, मी हो म्हणते. उद्या मला काही झालं तर त्यांच्या फोनवर काहीही येणार नाही. हे त्यांना माहीत नाही, आणि मी सांगणारही नाही.